हजारभर शास्त्रज्ञ एकाच प्रश्नावर काम करतात तरी कसे?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. बातम्यांत चार किलोमीटर लांबीच्या नळ्या येतात, लेझर येतो, आरसे येतात. यंत्र सुरू झालं की त्यातून रात्रंदिवस आकडे बाहेर पडणार, ते कोण वाचणार आणि कुठे बसून, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

हिंगोलीत मोजकी माणसं असतील. बाकीची पुण्यात, हॅनोव्हरमध्ये, पिसात, पासाडेनात, टोकियोत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या गुरुत्वीय लहरीचा शोध जाहीर झाला, तेव्हा त्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त नावं होती. यातल्या बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नसतं. एकाची सकाळ ती दुसऱ्याची मध्यरात्र. तरीही त्यांच्या हातून एकच उत्तर निघतं आणि त्यावर सगळे सही करतात. हे ज्या सॉफ्टवेअरच्या जोरावर जमतं, त्याविषयी हा लेख आहे. कारण माझ्या मते गेल्या वीस वर्षांत विज्ञान करण्याच्या रीतीत जो सगळ्यात मोठा बदल झाला तो इथे आहे, आणि तो समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी यंत्र काय मोजतं ते पाहू

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि आदळून एक होतात, तेव्हा अवकाशच किंचित ताणलं आणि आकसलं जातं. तो ताण लहरींसारखा पसरत जातो. पृथ्वीवर पोचेपर्यंत तो इतका क्षीण झालेला असतो की लायगो या अमेरिकी वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजेत, म्हणजे नळीत, पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरं लुइझियानात लिव्हिंग्स्टनला, आणि दोघांत सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर. इटलीत पिसाजवळ व्हर्गो आहे, जपानात काग्रा.

इतकं नाजूक यंत्र लहरींखेरीज जगातलं सगळं काही टिपतं. दूरच्या समुद्राच्या लाटा, रस्त्यावरचा ट्रक, वारा, विजेच्या तारांची गुणगुण. म्हणून प्रत्येक यंत्राभोवती भूकंपमापक, मायक्रोफोन, चुंबकत्व मोजणारी उपकरणं बसवलेली असतात. यंत्राच्या स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी धरल्या तर एका ठिकाणच्या नोंदींच्या वाहिन्या दोन लाखांच्या वर जातात.

या गोंगाटातून लहर हुडकायची मुख्य रीत अशी: अमुक वस्तुमानाची कृष्णविवरं आदळली तर लहर कशी दिसेल, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधीच काढून ठेवायचं. असे असंख्य नमुने तयार ठेवायचे आणि एकेक नमुना नोंदीवर सरकवत कुठे जुळतो ते बघायचं. पहिल्या शोधाच्या वेळी असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले होते. ही रीत गुरुत्वीय लहरींसाठी घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं काम पायाभूत आहे. नमुने ज्या गणितातून निघतात, त्यात बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर आणि त्यांचे फ्रेंच सहकारी होते. म्हणजे नमुन्यांचं गणित बेंगळुरू आणि पॅरिसचं, शोधायची रीत पुण्याची, यंत्र अमेरिकेचं. एकत्र काम करण्याची अडचण शोध लागायच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

मग ई-मेल आणि व्हिडिओ कॉल पुरत नाहीत का?

बोलायला पुरतात. काम करायला पुरत नाहीत.

समजा पुण्यातल्या एका विद्यार्थिनीने नोंदींचा एक तुकडा घेतला, त्यातला गोंगाट काढला आणि एक आलेख हॅनोव्हरला पाठवला. तिकडच्या सहकाऱ्याने तेच करून पाहिलं, तर त्याचा आलेख वेगळा आला. चूक कुणाची? कदाचित दोघांनी नोंदींच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या असतील, कारण यंत्राचं मोजमाप नंतर सुधारलं की नोंदींची नवी आवृत्ती निघते. कदाचित कोडच्या एका ओळीत तिने कालच बदल केला असेल. किंवा दोघांचं कोड तंतोतंत एकच असेल, पण त्याच्या संगणकावरचं गणिताचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, दोन वर्षं जुना असेल. व्हिडिओ कॉलवर तासभर बोलूनही हे सापडेलच असं नाही.

डेटा, कोड आणि ते ज्यावर चालतं तो संगणक, या तीनही गोष्टी दोघांकडे एकसारख्या असतील तरच दोघं एकाच प्रश्नावर काम करत आहेत असं म्हणता येतं. हे नसलं की काय होतं, याची उदाहरणं भरपूर आहेत. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांना विचारलं होतं, त्यातल्या ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहताना आपल्याला अपयश आलेलं आहे. जीवशास्त्रात तर एक्सेलने जनुकांची नावंच बदलून टाकली. सेप्ट-२ हे जनुक रकान्यात टाकलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करून टाकायचं, आणि अशा फायली शोधनिबंधांसोबत छापून यायच्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली.

कोणी बदललं, कधी आणि का

सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर ते खोडरबराने पुसून होत नाही. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिला क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. जुनं नाव कंसात जातं, पण राहतं. वीस वर्षांनी कुणी वाद घातला तरी फेरफार क्रमांकाचा माग काढत मूळ नोंदीपर्यंत जाता येतं.

गिट नावाचं सॉफ्टवेअर कोडच्या बाबतीत हेच करतं. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी लिहिलं. आज जगभरातलं बहुतेक वैज्ञानिक कोड त्यावर राहतं. कोडमधल्या प्रत्येक बदलाला ओळखक्रमांक मिळतो, त्यासोबत कोणी, कधी आणि कशासाठी केला याची नोंद जाते. बदल थेट मूळ प्रतीत घुसत नाही. आधी तो प्रस्ताव म्हणून सगळ्यांसमोर येतो, इतर जण ओळ न ओळ वाचतात, हरकती घेतात, आणि ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांनी मान्य केल्यावरच तो मुख्य प्रतीत मिसळतो. फरक इतकाच की तलाठ्याचं दप्तर एका कचेरीत असतं, तर गिटमध्ये सगळा इतिहास प्रत्येकाच्या संगणकावर असतो. एक सर्व्हर जळाला तरी काही हरवत नाही.

संशोधनात याचं मोल फार मोठं आहे. निबंधात ‘आम्ही अमुक कोड वापरलं’ असं लिहिण्याऐवजी ‘अमुक क्रमांकाची आवृत्ती वापरली’ असं लिहिता येतं, आणि पाच वर्षांनी कुणालाही नेमकी तीच आवृत्ती उघडता येते. पीएचडी संपवून विद्यार्थी निघून गेला आणि त्याचं कोड त्याच्या लॅपटॉपसोबत गेलं, हे आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आजही घडतं. गिट वापरायला शिकलेल्या गटात ते घडत नाही.

वही, जी चालते

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ज्युपिटर नोटबुक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. फर्नांडो पेरेझ या कोलंबियात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००१ मध्ये स्वतःच्या सोयीसाठी लिहायला घेतलेल्या कामातून ते वाढत गेलं आणि २०१४ मध्ये या नावाने वेगळा प्रकल्प झाला. ते ब्राउझरमध्ये उघडतं. पानावर आधी साध्या भाषेतला परिच्छेद येतो, मग चार ओळींचं कोड, त्याखाली त्या कोडने काढलेला आलेख, मग पुन्हा परिच्छेद. वाचणारा कोडच्या चौकटीत आकडा बदलून पुन्हा चालवू शकतो, आणि त्याच जागी नवा आलेख येतो.

पहिला शोध जाहीर झाला त्याच दिवशी लायगोने त्या क्षणाचा डेटा आणि अशी एक वही सगळ्या जगासाठी खुली केली. ती चालवताना काय दिसतं ते सांगतो.

पहिल्या चौकटीत १४ सप्टेंबर २०१५ च्या नोंदी उघडतात. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंद, हा तो क्षण. आलेख निघतो आणि त्यात काहीच दिसत नाही. एक जाडजूड नागमोडी रेघ, बस. ब्रह्मांडातली उलथापालथ या रेघेत कुठेतरी दडली आहे यावर विश्वास बसत नाही. पुढच्या चौकटीत कोणत्या कंपनसंख्येला किती गोंगाट आहे याचा आलेख निघतो. त्यात ६० हर्ट्झला एक सुळका उभा असतो: अमेरिकेतल्या विजेच्या तारांची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हिंगोलीच्या नोंदींत तो सुळका ५० वर उभा राहील.

मग येते गोंगाट सपाट करण्याची पायरी. ज्या कंपनसंख्येला गोंगाट जास्त, तिला तितकंच दाबायचं. शिवाय अगदी खालची आणि अगदी वरची कंपनं कापून टाकायची. चौकट चालवली की तीच जाड रेघ बाजूला होते आणि मधोमध एक लहर उभी राहते. सुरुवातीला संथ, मग चढत चढत वेगवान आणि उंच, आणि एकदम शांत. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा. त्यापुढच्या चौकटीत हॅनफर्डची नोंद सुमारे सात मिलिसेकंद सरकवून आणि उलटी करून लिव्हिंग्स्टनच्या नोंदीवर ठेवली जाते. सात मिलिसेकंद, कारण लहर आधी लिव्हिंग्स्टनला आली आणि हॅनफर्डला पोचायला तिला तेवढा वेळ लागला. उलटी, कारण दोन्ही यंत्रांच्या भुजांच्या दिशा वेगळ्या आहेत. दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात. शेवटी वही त्या लहरीचा आवाजही करून देते. मूळ कंपनं फार खर्जातली म्हणून ४०० हर्ट्झने वर उचललेला आवाज ऐकायला मिळतो. खालून वर सरकणारी एक बारीक चिवचिव. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली, त्याची ही खूण.

हे सगळं एखादा बारावीचा विद्यार्थी तासाभरात करू शकतो. निबंध वाचून ‘असं असेल’ म्हणणं आणि चौकट चालवून ‘असंच आहे’ हे स्वतः बघणं, यात फार अंतर आहे.

माझ्या संगणकावर चालतं, तुझ्यावर नाही

वही दिली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. २०१९ मध्ये काही संशोधकांनी गिटहब या संकेतस्थळावरच्या सुमारे १४ लाख ज्युपिटर वह्या गोळा करून तपासल्या. त्यातल्या ज्या पुन्हा चालवून बघता आल्या, त्यांपैकी जेमतेम २४ टक्के न अडखळता शेवटपर्यंत चालल्या, आणि मूळ उत्तर जसंच्या तसं फक्त ४ टक्क्यांनी दिलं.

कारणं साधी असतात. लिहिणाऱ्याने चौकटी खालीवर अशा कोणत्याही क्रमाने चालवल्या, आणि तो क्रम कुठेच लिहिला नाही. कुठलं पॅकेज कोणत्या आवृत्तीचं, ते सांगितलं नाही. फाईलचा पत्ता स्वतःच्या लॅपटॉपवरचा ठेवला.

यावर तोडगा म्हणून कंटेनर आला. कोड, त्याला लागणारी सगळी पॅकेजं, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या आणि खालची ऑपरेटिंग सिस्टीमची मांडणी, हे सगळं एका फाईलमध्ये बांधून ठेवायचं. ती फाईल पुण्यात उघडा की पिसात, आत सगळं तेच असतं. डॉकर हे या प्रकारचं सगळ्यात परिचित सॉफ्टवेअर २०१३ मध्ये आलं. यात बुद्धीची चमक दाखवण्याजोगं काही नाही, काम कंटाळवाणं आहे. पण हे कंटाळवाणं काम ज्या गटात कुणीतरी मनापासून करतं, त्याच गटाचं विज्ञान टिकतं.

१७ ऑगस्ट २०१७ ची संध्याकाळ

आतापर्यंत जे सांगितलं ते सावकाश करायचं काम. घाईच्या वेळी काय होतं, ते या एका दिवसात दिसतं.

भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी नासाच्या फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा छोटा स्फोट टिपला आणि काही सेकंदांत आपोआप जगभर सूचना पाठवली. काही मिनिटांनी लायगोच्या सॉफ्टवेअरनेही घंटा वाजवली: हॅनफर्डला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारखी लहर दिसली आहे, आणि ती टक्कर गॅमा स्फोटाच्या १.७ सेकंद आधीची आहे. पण लिव्हिंग्स्टनला काहीच नव्हतं. एवढी ठळक लहर एकाच यंत्राला कशी दिसेल?

जगभरचे शास्त्रज्ञ लगोलग फोन-बैठकीत जमले. प्रत्येकासमोर एकच पान उघडलेलं होतं. लायगोचा एक सामाईक नोंदपट आहे, त्यात प्रत्येक संभाव्य घटनेचं पान आपोआप तयार होतं आणि त्यावर सगळे आलेख, आकडे आणि शेरे एकत्र जमत जातात. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीचं चित्र काढलं तेव्हा कारण कळलं. टकरीच्या साधारण एक सेकंद आधी यंत्रात एक गचका आला होता, आणि सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे तो तुकडा बाद केला होता. चित्रात मात्र गचक्याच्या आरपार जाणारी लहरीची वक्ररेषा डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. गचक्याचा तेवढाच भाग कापून गणित पुन्हा केलं. व्हर्गोची नोंद जोडली. साधारण पाच तासांत आकाशाचा नकाशा निघाला: तीसेक चौरस अंशांचा एक तुकडा.

तो नकाशा जगभरच्या दुर्बिणींकडे गेला. टकरीनंतर अकरा तासांच्या आत चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. पुढे महिनोन्‌महिने त्याचा पाठपुरावा झाला. त्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडदची आपली जीएमआरटी रेडिओ दुर्बिणही होती. एकत्रित निबंधावर सुमारे साडेतीन हजार लेखकांची नावं आली, नऊशेहून अधिक संस्थांची.

या घटनेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या संध्याकाळी सॉफ्टवेअरने नियम पाळून चुकीचा निर्णय घेतला होता. माणसांनी तो पकडला, कारण सॉफ्टवेअरने कच्ची नोंद लपवली नव्हती. सगळ्यांना ती एका क्लिकवर उघडता येत होती. चांगल्या साधनाची परीक्षा मी तिथे घेईन.

पण सॉफ्टवेअरच मुळात चुकलं तर सगळेच चुकतील ना?

शंका रास्त आहे. हजार माणसं एकच कोड वापरत असतील तर त्यातली एक चूक हजार जणांची होते.

म्हणून लायगोमध्ये एकच काम करणारी अनेक सॉफ्टवेअर मुद्दाम वेगवेगळ्या गटांनी लिहिली आहेत. पहिली लहर सर्वात आधी ज्याने पकडली, ते सॉफ्टवेअर नमुने वापरतच नाही. दोन्ही यंत्रांत एकाच वेळी काही वेगळं घडलं का, एवढंच पाहतं. नंतर नमुने वापरणाऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरनीही तीच लहर काढून दाखवली. निव्वळ योगायोगाने असं किती वेळा घडेल, हे मोजायला त्यांनी एक युक्ती केली. एका यंत्राची नोंद दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम पुढेमागे सरकवायची, म्हणजे मग जुळणी दिसली तर ती खोटीच असणार. हे पुन्हा पुन्हा करून उत्तर आलं: इतकी ठळक खोटी जुळणी २ लाख ३ हजार वर्षांत एकदाही अपेक्षित नाही.

दुसरी परीक्षा माणसांची. मोजक्या लोकांचा एक गट यंत्रात गुपचूप खोटी लहर सोडू शकत असे. सप्टेंबर २०१० मध्ये तशी एक सोडली. बृहल्लुब्धक, म्हणजे मोठा कुत्रा, या तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखी दिसत होती म्हणून तिला ‘बिग डॉग’ म्हणू लागले. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने तपासणी केली, निबंध लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाच्या बैठकीत लखोटा उघडून सांगण्यात आलं की ती बनावट होती. म्हणूनच सप्टेंबर २०१५ मध्ये हॅनोव्हरला बसलेल्या मार्को ड्रागो यांनी पहिली खरी लहर पाहिली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हीच शंका आली, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने लिव्हिंग्स्टनच्या नियंत्रण कक्षात फोन लावला.

तिसरी परीक्षा बाहेरच्यांची. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या काही जणांनी खुला डेटा घेऊन आक्षेप मांडला की दोन यंत्रांतला गोंगाटही एकमेकांशी जुळतो आहे, मग लहर खरी कशावरून? लायगोतल्या इयन हॅरी यांनी उत्तर दिलं ते कोडसकट, म्हणजे कुणीही चालवून पाहावं असं. वाद काही काळ चालला. त्यात हेही पुढे आलं की मूळ निबंधातल्या एका आकृतीचा भाग वाचकाला समजावा म्हणून नजरेने जुळवलेला होता. तसं स्पष्ट लिहायला हवं होतं, आणि ती टीका योग्यच होती. शोध मात्र टिकला. इतर स्वतंत्र गटांनी त्याच डेटावर आपापल्या कोडने तीच लहर काढली. कुलपात ठेवलेला डेटा असता तर हा वाद ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ इथेच संपला असता.

डेटा फुकट वाटला तर श्रेय दुसराच नेईल, त्याचं काय?

ज्याने वीस वर्षं यंत्र उभं करण्यात घालवली, त्याला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. लायगोने मधला मार्ग काढला. प्रसिद्ध झालेल्या घटनेभोवतीचा डेटा निबंधासोबतच खुला होतो, आणि बाकीचा सगळा साधारण १८ महिन्यांनी. तेवढा काळ आतल्यांना पहिला हक्क.

नंतर बाहेरच्यांना खरोखरच काही सापडतं. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमधल्या एका छोट्या गटाने खुल्या डेटावर स्वतःची शोधपद्धत चालवून लायगोच्या यादीत नसलेल्या काही टकरी शोधल्या. त्याने लायगोचं काही गेलं नाही; उलट पद्धती सुधारल्या. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ या उपक्रमात तर २०१६ पासून सामान्य माणसं घरबसल्या यंत्रातल्या गचक्यांची चित्रं पाहून त्यांची वर्गवारी करतात. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले गचक्यांचे नवे प्रकारही त्यांनी ओळखले आहेत.

श्रेयाचा खरा प्रश्न दुसरीकडे आहे. गिटवर रात्ररात्र बसून इतरांचं कोड तपासणारा, पॅकेज दुरुस्त ठेवणारा, कंटेनर बांधणारा माणूस निबंधाच्या यादीत हजारांतला एक असतो. नोकरीच्या किंवा बढतीच्या वेळी निबंध मोजले जातात, सांभाळलेलं कोड मोजलं जात नाही. आपल्याकडच्या विद्यापीठांनी हे बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. जी माणसं हे काम उत्तम करतात ती नाहीतर खासगी कंपन्यांत जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

हे फक्त अब्जावधींच्या प्रकल्पांनाच परवडतं का?

नाही. गिट फुकट आहे, ज्युपिटर फुकट आहे. जीवशास्त्रासाठी गॅलक्सी नावाचं व्यासपीठ २००५ पासून चालू आहे. जनुकीय माहितीचं विश्लेषण तिथे ब्राउझरमधूनच करता येतं, कोड लिहावं लागत नाही, आणि प्रत्येक पायरीची नोंद आपोआप राहते. ती नोंद दुसऱ्याला पाठवली की त्यालाही त्याच पायऱ्या चालवता येतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला सर्व्हर विकत घ्यायची गरज नाही. लागतो तो वेळ आणि सवय, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने काम जरा हळू होतं हे मान्य करायला हवं.

लायगोचा डेटा पाहायला तर इतकंही लागत नाही. गुरुत्वीय लहर मुक्त विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर डेटा आणि वह्या दोन्ही आहेत, त्या गुगलच्या फुकट सर्व्हरवरही चालतात. २०१८ पासून ते खुल्या डेटाच्या कार्यशाळा घेतात आणि त्यांचे धडे व व्हिडिओ तिथेच ठेवतात. पायथन ही संगणकाची भाषा थोडी येत असली की पुरे.

हिंगोलीला यातलं काय लागेल

लायगो-इंडियाचं महत्त्व त्याच्या जागेत आहे. अमेरिका, इटली आणि जपानपासून दूर असं आणखी एक यंत्र आलं की लहर कुठून आली हे कितीतरी नेमकं सांगता येईल, आणि दुर्बिणींना आकाशाचा छोटा तुकडा धुंडाळावा लागेल. आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून ते उभारत आहेत.

पण यंत्र सुरू झाल्यावर मध्यरात्री घंटा वाजेल, तेव्हा त्या सामाईक पानावर शेरा लिहिणारी माणसं आजपासून तयार व्हायला हवीत. इथल्या जमिनीचे, इथल्या पावसाळ्याचे, इथल्या विजेच्या तारांचे गचके हॅनफर्डच्या यादीत नाहीत. ते ओळखायला, त्यांना नावं द्यायला आणि त्यासाठीचं कोड लिहायला परभणी, नांदेड, हिंगोलीच्या महाविद्यालयांतली मुलं का नकोत? लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्डच्या नोंदी त्यांना सरावासाठी आजच मोकळ्या आहेत. एखाद्या विभागप्रमुखाने आठवड्याचे दोन तास संगणक कक्ष उघडून दिला आणि चार विद्यार्थ्यांना गिटवर एकमेकांचं कोड तपासायला लावलं, तरी सुरुवात होते.